अक्काचा नंबर

परवा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आमचे एक ज्येष्ठ सहकारी निरोपाचे पेढे वाटत होते. निवृत्तीचे नव्हे, अमेरिकेचे. मुलगा तिकडे, सूनबाईंचे दिवस भरत आलेले, तेव्हा दोघेही सहा महिन्यांसाठी निघाले आहेत. व्हिसा झाला, विमा झाला, मेतकुटाचे डबे भरून झाले. मी सहज विचारले, "आणि सिमकार्डाचं काय केलंत?"

"त्यात काय करायचंय? इथलं कपाटात ठेवायचं. तिकडं मुलगा घेऊन देणारच आहे."

ते ऐकले आणि हातातला पेढा तसाच राहिला. मला बऱ्हाणपूरचे एक कपाट आठवले.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, चौतीस वर्षांपूर्वी निपाणीहून बऱ्हाणपूरला दिली. दाजी तिथल्या कापड गिरणीत होते. तापीकाठचे ते गाव म्हणायला मध्य प्रदेशात, पण घराघरांत मराठी. अक्का घरात मराठी, बाजारात हिंदी आणि दुपारी तीन वाजता फोनवर कानडी बोलते. तीनचा फोन आमच्या अव्वाचा. अव्वा ऐंशीच्या घरात आहे, माझ्याजवळ असते. तिच्या बटणांच्या फोनवर दोन आकडा दाबून धरला की अक्का. "ऊट आतेन?" इथून सुरू व्हायचे, ते केळीचा भाव, गुडघे, पाऊस असे फिरत फिरत अर्ध्या तासाने संपायचे.

एप्रिल २०२३ मध्ये अक्का आणि दाजी लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले. दाजी व्यवस्थित माणूस. दोघांचा मिळून एकच नंबर, त्यावरच बँक, गॅस, पेन्शन, सारे काही. "तिकडं हे कार्ड चालायचं नाही, उगाच हरवेल," म्हणून त्यांनी फोन बंद केला, लोणच्याच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावले. जाताना चौऱ्याऐंशी दिवसांचे रिचार्ज केले होते. पुढचे करायची गरज त्यांना वाटली नाही. त्यांचे म्हणणे, "आमचं कार्ड लाइफटाइमचं आहे."

दाजींचे अगदीच चुकले असेही नाही. २००५ च्या अखेरीस कंपन्यांनी 'लाइफटाइम' प्रीपेडची टूम काढली होती. एकदा पैसे भरा, येणारे फोन जन्मभर फुकट. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती कार्डे घेतली. पण २०१८ च्या अखेरीस काही बड्या कंपन्यांनी दरमहा किमान पस्तीस रुपयांच्या रिचार्जची अट घातली आणि ते 'जन्मभर' तिथेच संपले. आपल्या डोक्यात मात्र ते अजून चालू आहे.

अक्का गेल्यावर रविवारी संध्याकाळी मी माझ्या फोनवरून अव्वाला तिच्याशी बोलवून देत असे. तरीही दुपारी तीन वाजले की अव्वा दोन आकडा दाबायचीच. "फोन कपाटात आहे गं," मी सांगायचो. "ठाऊक आहे. पण ती बाई रोज सांगते की बंद आहे म्हणून. ते ऐकलं की बरं वाटतं."

सप्टेंबरातल्या एका दुपारी मी कॉलेजातून आलो, तर अव्वा उंबऱ्यावर बसलेली. ताट झाकून ठेवलेले, तसेच. म्हणाली, "ती बाई आज वेगळंच बोलली. 'नहीं है' म्हणाली."

मी नंबर लावून पाहिला. 'बंद आहे' ऐवजी आता 'हा नंबर अस्तित्वात नाही' असे हिंदीत सांगत होते. अव्वाला हिंदी येत नाही. पण 'नहीं है' कळायला हिंदी कशाला यायला हवी? मी समजावून पाहिले, उपयोग झाला नाही. रात्री नऊ वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी, अक्काला व्हिडिओवर आणले तेव्हा अव्वाने काचेवरून तिच्या गालाला हात लावला आणि मग दोन घास खाल्ले.

ऑक्टोबरात ते दोघे परतले. दिवाळीच्या सुट्टीत मी बऱ्हाणपूरला गेलो. शनवाऱ्याजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेलो, तर मुलगा म्हणाला, आता हा नंबर मिळणार नाही. पुढचा आठवडा दाजी आणि मी बँकेत, आधार केंद्रावर आणि गॅसच्या एजन्सीत फिरलो. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, "ओटीपी आला का?" आणि ओटीपी जात होता त्या मेलेल्या नंबरावर. खात्यात पैसे होते, पण त्या दिवसांत सत्तरीच्या माणसाला स्वतःचेच खाते मोबाइलवर उघडता येत नव्हते.

दोष कोणाला द्यायचा? मी रोज मोबाइलवरून विजेचे बिल भरतो, अव्वाचे रिचार्ज करतो. अक्काचे करायला मला दोन मिनिटे लागली नसती. मला ते सुचलेच नाही. मुदत संपल्याचे मेसेज त्या डब्यातल्या बंद फोनकडे येत राहिले असतील, ते वाचणार कोण?

नियम असा आहे. ट्रायने २०१३ मध्ये घातलेल्या नियमांनुसार वापर नाही म्हणून प्रीपेड नंबर नव्वद दिवसांच्या आत बंद करता येत नाही. वापर म्हणजे फोन करणे किंवा घेणे, एसएमएस पाठवणे, इंटरनेट वापरणे. त्यानंतरही खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर आणखी तीस दिवस राखायची सोय आहे. नंबर बंद झालाच, तर परत चालू करून घ्यायला पंधरा दिवस मिळतात. आणि बंद झालेला नंबर निदान नव्वद दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, असे ट्रायने नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. याचा अर्थ, त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. सहा महिन्यांचा मुक्काम या साऱ्या मुदतींपेक्षा मोठा असतो, हे ध्यानात घ्या.

तेव्हा घरातून कोणी परदेशी निघाले असेल तर माझे सांगणे असे. इथले सिम कपाटात ठेवू नका, सोबत न्या. परतायच्या तारखेच्या पुढे महिनाभर पुरेल असे रिचार्ज निघण्याआधीच करा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना नुसते फोन आणि एसएमएस असलेले पॅक द्यायला सांगितले आणि पॅकची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यामुळे इंटरनेटचे पैसे न भरता वर्षभराचा पॅक घेता येतो. आईवडिलांसाठी तोच बरा.

आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्या, तिथे पोचल्यावर धावपळ होते. परदेशात आलेल्या एसएमएसचे पैसे सहसा लागत नाहीत, पण फोन उचलला की मिनिटामिनिटाचे लागतात. म्हणून इथल्या कार्डावर फक्त ओटीपी घ्यावा, त्यावर बोलू नये, आणि त्याचे डेटा रोमिंग बंद ठेवावे. पोचल्या दिवशीच बँकेचा एक मेसेज मागवून पाहा. येत नसेल तर तेव्हाच कळलेले बरे.

फोन कोणता नेता, तेही पाहा. दाजींचा बटणांचा टू-जी फोन डब्यातून बाहेर काढून नेला असता तरी कदाचित मुका राहिला असता. अमेरिकेत एटी अँड टीने टू-जी सेवा २०१७ च्या सुरुवातीला बंद केली, आणि व्हेरायझनचे जुने जाळे २०२२ अखेर गेले. दोन सिमचा साधा फोर-जी फोन इथूनच न्यावा. लेकीचा जुना आयफोन वापरू म्हणाल, तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना २०२२ च्या चौदाव्या मॉडेलपासून कार्ड घालायची खाचच नाही!

बोलण्यासाठी तिथले प्रीपेड घ्या. घेताना स्वस्त कोणते यापेक्षा मुलांच्या घरात रेंज कोणाची येते, हे आधी विचारा. जर्मनीत २०१७ पासून ओळखपत्राशिवाय प्रीपेड कार्ड मिळत नाही, म्हणून पासपोर्ट जवळ हवा. तिथले कार्ड युरोपीय संघातल्या इतर देशांत त्याच दरात चालते, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. तिथे डेटा चालू राहिला तर बिल पाहून घाम फुटेल. आणि व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर ठेवायचे असेल तर ते सिम त्याच फोनमध्ये राहू द्या. सिम नसेल तर अशी अॅप चालू नयेत, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आहे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रिचार्जची जबाबदारी इथल्या एका माणसाला नाव घेऊन द्या. 'कोणीतरी करेल' यातला तो कोणीतरी मीच होतो.

बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा आहे. चारशे वर्षांपूर्वी मोगलांच्या काळात खोदलेल्या शंभरावर कुंड्या, जमिनीखालून एकमेकींना जोडलेल्या. दाजींनी मला तो त्याच सुट्टीत दाखवला. लिफ्टने खाली उतरलो तर काळोखात पाणी झुळझुळ वाहत होते. वरून बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. परतताना दाजी एवढेच म्हणाले, "वरून सगळं कोरडंच दिसतं बघ."

पुढच्या वर्षी अव्वाने चुकून जुना नंबर लावला. एका तरुण मुलाने उचलला. तिला हिंदी येत नाही, त्याला कानडी येत नाही. "राँग नंबर, अम्मा," तो म्हणाला. अव्वा मला म्हणाली, "पोरगा चांगला आहे. पण अक्काचा नंबर त्याच्याकडे कसा?"

आता तिच्या फोनवर दोन आकड्याला अक्काचा नवा नंबर आहे. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात मी त्याच्या रिचार्जची तारीख लिहून ठेवतो. अव्वाला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्या तारखेभोवती लाल वर्तुळ काढतो. आदल्या दिवसापासून ती विचारू लागते, "भरलास का?"

सहकाऱ्यांना मी एवढेच म्हटले, "कपाटातलं कार्ड बाहेर काढा, आणि रिचार्ज कोण करणार ते सांगा." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुम्हीच करा." तर आता आमच्या कालनिर्णयात दोन वर्तुळे आहेत.