अंतिम पाठ स्वारगेटला

पुण्यात दिवाळीच्या आधी विशेष शाळांची आणि कार्यशाळांची प्रदर्शनं भरतात. पणत्या, उटणं, आकाशकंदील, कागदी पिशव्या. रंगवलेली पणती हातात घेऊन पाहुणे म्हणतात, "किती छान केलंय मुलांनी!" टेबलामागे उभी असलेली ही 'मुलं' कधी 22 वर्षांची असतात, तर कधी चाळिशीला टेकलेली. एखाद्याच्या दाढीत पांढरे केसही दिसतात. बाजूला उभे असलेले वडील मात्र वेगळ्याच विचारात असतात: आपल्यानंतर याचं काय?

पाहुण्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांनी या माणसांना शिकवलं त्यांच्याही तोंडी 'मुलं' हाच शब्द असतो. विशेष शिक्षकाची सगळी घडण लहान मूल समोर ठेवून झालेली असते. मुलाचं मूल्यमापन, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, शैक्षणिक साधनं, पाठाची फाइल हे सगळं त्याला येतं. विद्यार्थी प्रौढ होणार आहे, ही गोष्ट मात्र प्रशिक्षणात पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणासारखी येते. म्हणजे वेळ उरला तर.

यावर ठरलेलं उत्तर असं की, शाळा 18 वर्षांपर्यंत, पुढचं कार्यशाळा बघेल. त्यासाठी कायद्याचा आधारही दिला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण ही सरकारच्या जबाबदारीची मुदत झाली, विद्यार्थ्याच्या गरजेची नव्हे. कार्यशाळेत जागा मिळाली नाही तर तो घरी बसतो आणि दहा-बारा वर्षांत कमावलेलं दोन पावसाळ्यांत विसरतो. जे पेरायचं ते 14 ते 18 याच वयात पेरावं लागतं आणि तेव्हा तो शिक्षकाच्याच हाताखाली असतो. अमेरिकेनं ही तयारी 1990 सालीच कायद्यात आणली. आज तिथे विद्यार्थी 16 वर्षांचा होईपर्यंत त्याच्या आराखड्यात शाळेनंतरच्या आयुष्याची योजना लिहावीच लागते. पण उदाहरणासाठी इतक्या लांब कशाला जायचं? 1964 साली पुण्यात सुरू झालेल्या 'कामायनी' या संस्थेनं शाळेच्या जोडीला उद्योग केंद्र उभं केलं, ते शाळेनंतर पुढे काय हे ओळखूनच.

"आमच्या अभ्यासक्रमात पूर्वव्यावसायिक प्रशिक्षण आहे की!" असंही कोणी म्हणेल. आहे, हे मान्यच करायला हवं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी केलेल्या मूल्यमापन तालिकेत पूर्वव्यावसायिक गट स्वतंत्र दिलेले आहेत आणि शाळेतून कामाकडे कसं न्यावं याचा आराखडाही त्याच संस्थेनं मांडला आहे. घोडं अडतं ते वर्गात. तिथे पूर्वव्यावसायिक म्हणजे पणती रंगवणं, मणी ओवणं आणि पाकिटं चिकटवणं, एवढ्यावरच गाडी थांबते. हस्तकला वाईट नाही, पण पणतीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो.

त्याऐवजी एकट्यानं बसचा प्रवास करणं, ही एकच गोष्ट घ्या. प्रशिक्षणात कृतीविश्लेषण शिकवतात, म्हणजे कोणतंही काम लहान लहान पायऱ्यांत मोडायचं. दात घासण्याच्या पायऱ्या कोणताही छात्रशिक्षक झोपेत सांगेल. बसच्या पायऱ्या मोडायला बसलं की पाटीवरचा क्रमांक ओळखणं, बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबली तर तिकडे चालत जाणं, उतरणाऱ्यांना आधी उतरू देणं, कंडक्टरला थांब्याचं नाव सांगणं, उरलेले पैसे मोजून घेणं, दोन थांबे आधी उठून दाराशी येणं अशी यादी लांबतच जाते. आणि मग गणपती येतात, मध्यवस्तीतले रस्ते बंद होतात, रोजची बस भलत्याच वाटेनं जाते. अशा वेळी काय करायचं? कुणाला विचारायचं? कुणासोबत जायचं नाही? हा पाठ चौकोनी वर्गात, कार्डशीटवर बसचं चित्र चिकटवून होत नाही. तो रस्त्यावरच घ्यावा लागतो. आधी शिक्षक शेजारी, मग दोन बाकं मागे, मग पुढच्या थांब्यावर वाट बघत. असं मागे सरत जाणं हेही कौशल्यच आहे आणि ते शिक्षकालाही कुणीतरी शिकवावं लागतं.

कागदपत्रांचंही तसंच. विद्यार्थी 18 वर्षांचा झाला की कायद्याच्या नजरेत आईवडील त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. 2016 च्या कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे, म्हणजे निर्णय त्या व्यक्तीला वगळून नव्हे, तिच्याशी बोलून, तिच्यासह घ्यायचा. यातलं पुष्कळसं पालकांना कळतं ते बँकेच्या खिडकीपाशी, सहीवरून खातं अडलं की. हे आधी सांगू शकेल असा माणूस त्यांच्या ओळखीत एकच असतो, मुलाचा शिक्षक. त्यालाच हे शिकवलेलं नसेल तर त्यानं सांगावं तरी काय?

"नोकऱ्या आहेत कुठे?" हा प्रश्न जास्त खरा आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के आरक्षणातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत वाटलेला आहे. त्यावर कुणाचं घर चालणार? म्हणूनच नोकरी शोधण्याइतकंच महत्त्व काम बेतण्याला आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या 'टेरासिन' या उपाहारगृहात ऑर्डर खुणांनी दिली जाते. तिथे वाढप्यांना बोलायला लावण्याऐवजी ऑर्डर घेण्याची पद्धतच बदलली. कारखान्यात, बेकरीत, दुकानात जाऊन "या कामातला एवढा तुकडा आमचा विद्यार्थी करील" हे मालकाला पटवणं, हा शिक्षकाच्या कामाचा भाग आहे. प्रशिक्षणात मात्र छात्रशिक्षकाला शाळेतच पाठवतात, कामाच्या जागी नाही.

नोकरी शक्य नाही त्यांचाही प्रश्न आहेच. मुळशी तालुक्यात कोळवण खोऱ्यात 1994 पासून 'साधना व्हिलेज'मध्ये बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं घरासारखी एकत्र राहतात. तिथे त्यांना 'विशेष मित्र' म्हणतात. 'मुलं' म्हणत नाहीत.

राहिलं शिक्षकांवरच्या ओझ्याचं. ही तक्रार रास्त आहे. अनेक विशेष शिक्षक कंत्राटावर, मानधनावर राबतात. सामान्य शाळांत प्राथमिक स्तरावर 10 आणि त्यापुढे 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, हे सर्वोच्च न्यायालयाला 2021 साली सांगावं लागलं. पण इथे मागणी नव्या ओझ्याची नाही, जुन्याच्या जागी नवं ठेवण्याची आहे. थर्मोकोलच्या साधनांत जाणारे आठवडे वाचवले तरी पुष्कळ होईल.

ही फेरआखणी करायला वेळही बरी आहे. विशेष शिक्षणातला दोन वर्षांचा बी.एड. जाऊन त्याच्या जागी चार वर्षांचा अभ्यासक्रम येतो आहे. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थाही इथेच आहेत. त्यांनी एकत्र बसून निदान एवढं ठरवावं: परीक्षेतल्या अंतिम पाठांपैकी एक पाठ वर्गात होणार नाही. तो स्वारगेटच्या बसथांब्यावर, सकाळी साडेनऊच्या गर्दीत होईल आणि परीक्षकांनी गुणपत्रिका घेऊन तिथेच उभं राहावं.