बारीक भुकटी आणि संगणकाचें उत्तर

संगणकानें उत्तर काढलें कीं वाद संपला, असा समज हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांत दृढ होत चालला आहे. तो कोठें फसतो हें पाहावयाचें असल्यास भुकटीच्या थराचें उदाहरण घ्यावें.

उभ्या नळकांड्याच्या तळाशीं बारीक छिद्रांचा पत्रा बसवून त्यावर कोरडी भुकटी भरावी व खालून हवा सोडावी. वेग वाढतां वाढतां हवेची ओढ कणांचें वजन तोलून धरते, आणि सारा थर पाण्यासारखा वागूं लागतो. जड वस्तु त्यांत बुडते, हलकी तरंगते. भांडें कलतें केलें तरी पृष्ठभाग सपाट राहतो. हा केवळ कौतुकाचा खेळ नव्हे. १९४२ सालीं अमेरिकेंत बॅटन रूज येथें याच युक्तीनें जड खनिज तेल फोडून पेट्रोल करण्याचा कारखाना सुरू झाला, आणि आजही जगांतील पेट्रोलचा मोठा भाग अशाच भुकटीच्या संगतीनें तयार होतो.

परंतु सर्व भुकट्या एका स्वभावाच्या नसतात. गेल्डार्ट यांनीं १९७३ सालीं त्यांचे चार वर्ग पाडले. वाळूंतून हवेचे बुडबुडे लगेच निघूं लागतात. मैद्यासारख्या अति बारीक भुकटीचे कण एकमेकांस इतके चिकटतात कीं, हवा चिरा पाडून निसटते आणि थर उचलतच नाहीं. या दोहोंमधला, साधारणपणें ३० ते १०० मायक्रॉन व्यासाच्या कणांचा जो वर्ग, तो बुडबुडे येण्यापूर्वीं शांतपणें फुगतो. तेलाच्या कारखान्यांस हाच लागतो, आणि गणित करणारांस अडचणींत घालतो तोही हाच.

कारण साध्या हिशेबानें कळेल. ६० मायक्रॉन व्यासाचे गोल कण एका घन सेंटिमीटरांत सुमारें ५० लाख मावतात. म्हणजे घन मीटरांत ५ लाख कोटी! जपानांत त्सुजी व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं एकेका कणाची टक्कर मोजून थराचें चित्र उभें केलें. काम थोर खरें, पण त्यांचे कण कांहीं मिलिमीटरांचे होते आणि संख्येनें २,४००. म्हणून मोठ्या भांड्यांच्या हिशेबांत कण मोजणें सोडून भुकटीलाही एक प्रवाही पदार्थ मानतात, भांड्याचे कप्पे कल्पितात आणि प्रत्येक कप्प्यांत सरासरी धरतात. घोटाळा येथेंच होतो. कप्प्याच्या आंत कणांचे पुंजके बनतात व हवा त्यांना वळसा घालून निसटते. हें सारें सरासरींत पुसलें जातें. मग ओढ वाजवीपेक्षां जास्त भरते, आणि पडद्यावरचा थर खऱ्या थराहून भलताच उंच फुगतो. कप्पा कणाच्या व्यासाच्या दोन-चार पटच ठेवला तर फुगवटा बरोबर येतो, असें नेदरलंडांतील संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें. पण कारखान्याच्या भांड्यास इतके कप्पे पुरवावे कोणी?

तेव्हां कित्येक जण ओढीच्या सूत्रास एक गुणक लावतात, आणि उंची जुळेपर्यंत तो कमी करीत जातात. अंकगणिताच्या पुस्तकांतील शेवटच्या पानावरचें उत्तर पाहून मागाहून रीत रचणारा मुलगा प्रत्येक वर्गांत असतो. त्यास आम्ही गुण देत नाहीं; मग या गुणकास कां द्यावे? एका भांड्यास व एका वेगास जुळविलेला आंकडा दुसऱ्या भांड्याविषयीं खात्रीनें कांहींच सांगत नाहीं, आणि त्यावर विसंबून कोणीं मोठी भट्टी उभारली तर ठोकर संगणकास लागत नाहीं. उलट बीजिंगमधील ली जिंगहाय व प्रिन्स्टनमधील सुंदरेसन यांच्या मंडळींनीं पुंजक्यांचाच अभ्यास करून ओढ किती घटावी हें कारणासह ठरविण्याचा मार्ग धरला आहे. त्यांच्याही रीती एक नाहींत. पण तेथें वाद कारणांचा आहे, आणि असा वाद आम्हांस शुभ वाटतो.

आमची मागणी मोठी नाहीं. अशा प्रत्येक रंगीत चित्राखालीं दोन गोष्टी छापाव्या: कप्पा कणाच्या किती पट घेतला, आणि कोणता आंकडा प्रयोगाचें उत्तर पाहून बसविला.