नियोजित जॉब गरजेनुसार सुरू करण्याच्या अधिकाराबाबत मागणीपत्र

प्रति,
माननीय प्रमुख, माहिती तंत्रज्ञान विभाग

फाईल उशिरा आली की रात्रीचा जॉब अपयशी ठरतो. सकाळी फाईल हाती असते, पण तो जॉब पुन्हा सुरू करण्याचा अधिकार पाळीवरच्या एकाही सभासदाला नाही. डीबीए मोकळे होईपर्यंत अहवाल अडतो आणि उशिराचा जाब आम्हाला विचारला जातो. जबाबदारी आमची असेल, तर अधिकारही हवा.

यासाठी नवी खरेदी लागत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या एमएसडीबी डेटाबेसमधील एसपी_स्टार्ट_जॉब ही स्टोअर्ड प्रोसिजर जॉबचे नाव दिले की तो लगेच सुरू करते आणि मूळ वेळापत्रक तसेच राहते. ठरावीक स्टेपपासूनही सुरुवात करता येते.

प्रश्न परवानगीचा आहे. एसक्यूएल सर्व्हर एजंटच्या युझर आणि रीडर रोलमध्ये फक्त स्वतःच्या मालकीचे जॉब सुरू करता येतात. ते रोल आमच्या उपयोगाचे नाहीत. ऑपरेटर रोल आम्ही मागत नाही. त्यात सर्व्हरवरील कोणाचाही जॉब सुरू करता येतो, थांबवता येतो, त्याचा इतिहासही पुसता येतो. एवढी मोकळीक कोणत्याही पाळीला देऊ नये, हे आमचेही मत आहे. सामायिक सिसॲडमिन पासवर्ड वापरून काम भागवणे मात्र सभासद यापुढे स्वीकारणार नाहीत, कारण बिघाड झाल्यास तो कोणाच्या हातून झाला हे नोंदीवरून ठरत नाही.

म्हणून विनंती-तक्ता तयार करावा. सभासद त्यात केवळ मंजूर यादीतील जॉबची मागणी नोंदवतील. दर मिनिटाला चालणारा एक जॉब ती वाचून एसपी_स्टार्ट_जॉब चालवील. मागणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण किमान 1 वर्ष जपावे. एजंटचा इतिहास यासाठी पुरत नाही. मूळ सेटिंगमध्ये त्याची मर्यादा एकूण 1000 आणि प्रत्येक जॉबमागे 100 ओळींची असते.

चालू असलेला जॉब पुन्हा सुरू करण्याची विनंती सर्व्हर स्वतःच नाकारतो. पूर्ण झालेला जॉब दुसऱ्यांदा चालला तर नोंदी दुप्पट होऊ शकतात, म्हणून पुन्हा चालवण्यास सुरक्षित असलेलेच जॉब डीबीएंनी यादीत घ्यावेत.

प्रोसिजरने 0 परत केला म्हणजे सुरू करण्याची विनंती पोहोचली, एवढेच. जॉब पूर्ण झाला की पडला, हे पाहण्याची सोय सभासदांना द्यावी.

यादी 15 दिवसांत आणि व्यवस्था 30 दिवसांत लागू करावी. यातील कोणतीही मागणी अमान्य असल्यास कारणासह लेखी उत्तर द्यावे.

कार्यकारिणी, कर्मचारी संघटना