दुःखाला चाल लावावी का?

ब्रॅकनेल (इंग्लंड) : लंडनच्या पश्चिमेस, बर्कशर परगण्यात हे गाव आहे. 1949 साली नवे नगर म्हणून त्याची आखणी झाली. येथील साउथ हिल पार्क या जुन्या हवेलीत कलाकेंद्र आहे व त्याला लागून 1984 साली उघडलेले वाइल्ड थिएटर. ऑस्कर वाइल्डच्या एका नाटकात लेडी ब्रॅकनेल नावाच्या तोरेबाज बाईसाहेब आहेत, तेव्हा थिएटरला त्याचे नाव शोभतेच. इंग्लंडच्या अशा लहानमोठ्या रंगमंचांवर संगीत नाटके, ज्यांना येथे म्युझिकल म्हणतात, ती भारी आवडीने पाहिली जातात. परंतु त्याबरोबर एक वादही या देशात वारंवार उठतो. एखाद्या समाजाच्या दुःखावर गाणी रचून तिकीट लावावे का? आणि लावावे, तर कोणी लावावे? हा प्रश्न बेटावरच्या आम्हा मराठी मंडळींच्याही दाराशी येणार आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द.

‘मिस सायगॉन’चेच उदाहरण घ्या. 1989 साली हे नाटक लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात आले आणि दहा वर्षे चालले. व्हिएतनामच्या युद्धात होरपळलेली एक मुलगी, तिचा अमेरिकन शिपाई, त्यांचे मूल, आणि शेवटी तिचा आत्मघात. कथेचा साचा पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या 1904 च्या ऑपेराचा. लंडनमध्ये त्यातील अर्धव्हिएतनामी दलालाचे काम जोनाथन प्राइस या गोऱ्या नटाने डोळ्यांचा आकार बदलून केले. नाटक अमेरिकेत न्यायचे ठरले तेव्हा 1990 साली तेथील नटसंघटनेने त्या नटाला नकार दिला, आणि थोड्याच दिवसांत तो मागेही घेतला. वाद मात्र मिटला नाही. शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरने 2023 मध्ये हे नाटक नव्याने करायचे जाहीर केले, तेव्हा आशियाई वंशाच्या एका नाट्यसंस्थेने निषेध म्हणून आपले नाटक त्या थिएटरातून काढून घेतले. तक्रार एकच : आमच्या आयाबहिणी तुमच्या नाटकात येतात त्या रडायला आणि मरायला.

दुसरे उदाहरण आपल्या भारतीय लोकांतले. 2004 च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला ‘बेझती’ हे नाटक चालू होते. ते संगीत नाटक नव्हे, पण दुखणे तेच. लेखिका गुरप्रीत कौर भट्टी स्वतः शीख. गुरुद्वारात घडलेल्या अत्याचाराची ती कथा होती. लोक चिडले, थिएटरवर चाल करून गेले, काचा फुटल्या आणि नाटक बंद पडले. लेखिकेला जीव मुठीत धरून राहावे लागले.

ही दोन्ही भांडणे एका मापाने मोजू नयेत, असे आमचे मत आहे. पहिल्यात परक्याने दुसऱ्याची जखम दाखवली. दुसऱ्यात घरच्याच लेकीने घरचे गळू दाखवले. पहिल्याला जाब विचारणे न्यायाचे. दुसरीचे तोंड दाबणे म्हणजे गळू तसेच ठेवून पट्टी बांधणे.

मराठी माणसाला तर हे नवे नाही. दुःखाला चाल लावणे हा आपल्या रंगभूमीचा जुना धर्म आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी 1899 साली ‘संगीत शारदा’ आणले, ते थेरड्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्याच्या चालीवर. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ 1919 साली आले, ते दारूवर. बालगंधर्वांची सिंधू पाहून घरोघरच्या बाया रडल्या, कारण ती सिंधू त्यांच्या घरात होती. गाण्याने दुःख हलके झाले नाही. उलट जे कोणी उघड बोलत नव्हते, ते गाण्याच्या आधाराने चारचौघांत बोलता आले.

मग आला ‘घाशीराम कोतवाल’. विजय तेंडुलकरांचे हे नाटक जब्बार पटेल यांनी बसवले, भास्कर चंदावरकरांनी संगीत दिले, आणि 1972 च्या डिसेंबरात ते पुण्यात लागले. नाना फडणवीसांची व ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून ओरड झाली आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवले. नटमंडळींनी बाहेर पडून 1973 साली थिएटर अ‍ॅकॅडमी काढली व पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभे केले. 1980 साली युरोपच्या दौऱ्याच्या वेळी पुन्हा विरोध झाला. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकर सांगत राहिले. सत्ता माणसाला कशी वापरते आणि काम झाले की कशी फेकते, हे त्यांना दाखवायचे होते. त्या नाटकात प्रेक्षक ठेक्यावर मान डोलावतो, आणि त्याच ठेक्यात समोर एका मुलीचा सौदा झालेला असतो. हे ध्यानात आले की आपल्याच मानेची लाज वाटते. चाल लावावी ती अशी.

आणि त्या नाटकातला खेळ्यांचा बाज कोकणचा आहे! म्हणजे आपल्या पणजोबांच्या गावचा. कोकणातली जाखडी बोटीतून येऊन आपल्या बेटावर झाकरी झाली. मग त्या झाकरीत आम्ही काय गातो? देवाची गाणी, सणाची गाणी. गावीतच. पण 1834 पासून शर्तबंद मजूर म्हणून आलेल्यांचे काय? कारकुनाने कानाला येईल तसे लिहिलेले आडनाव, उसाच्या मळ्यावरची दारू, सोयरीक जुळवताना अजून दबक्या आवाजात विचारली जाणारी जात, यांवर आमच्या नाट्यमहोत्सवात किती नाटके झाली? आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा ठरला. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांचे दप्तर जपून ठेवले आहे. साहित्य तयार आहे, लिहिणारा हात हवा.

आम्ही नाही लिहिले तर कोणी तरी लिहील. उद्या लंडनच्या रंगमंचावर आमची पणजी येईल, आणि तिला फक्त रडता येईल. मग निषेधाचे फलक घेऊन उभे राहण्यात काय हशील?

तेव्हा तरुण मंडळींना आमचे सांगणे एवढेच. बंदी मागू नका. परक्याने लिहिले तर विचारा, की ज्याचे दुःख त्याला तालमीला बोलावले होते का. आणि आपल्यापैकी कोणी घरचे दुखणे रंगमंचावर आणले, तर पहिल्या अंकालाच उठून जाऊ नका. शेवटपर्यंत बसा, मग भांडा. आणि वडीलधाऱ्यांनो, येत्या गणेशोत्सवात पोरांनी एखादी कडू झाकरी म्हटली, तर त्यांना गप्प करू नका.