विश्लेषण : ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जातंय? ‘किट’ टाकून भागेल की मास्टर सिलिंडर बदलावा?

कराडच्या कोल्हापूर नाक्यावर गाडी ब्रेक दाबून उभी आहे. पायाचा जोर तेवढाच आहे, तरी पेडल संथपणे खाली सरकतंय. पाय उचलून पुन्हा दाबला की ते वर येतं, ब्रेकही लागतो आणि विषय तिथंच मिटतो. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत असं होत असेल तर ‘पेडल जरा मऊ झालंय’ म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही. हीच गाडी सुट्टीत घरच्यांना घेऊन पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला निघते, तेव्हा वाटेत कुंभार्ली घाट असतो.

पेडल खाली का जातं?

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढं सरकतो आणि ब्रेक ऑईलचा दाब चारही चाकांपर्यंत पोहोचतो. हा दाब धरून ठेवतात ते दट्ट्यावरचे रबरी वॉशर. ते झिजले किंवा सिलिंडर आतून गंजला, की ऑईल वॉशरच्या कडेनं मागं निसटतं. ऑईल सिलिंडरच्या आतच फिरत असल्यानं जमिनीवर थेंब पडत नाही, बाटलीतली पातळीही कमी होत नाही. त्यामुळं ‘गळती कुठंच नाही’ असं मिस्त्रीनं सांगितलं तरी दोष असू शकतो. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. ते खाली जात राहिलं, तर आधी चारही चाकांच्या आतल्या बाजू आणि पाईप पाहावेत. तिथं ओल नसेल, तर संशय मास्टर सिलिंडरवरच.

आजच्या गाड्यांत या सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येक भाग दोन चाकं सांभाळतो. एक भाग निकामी झाला तरी दुसरा थोडाफार ब्रेक देतो. मोठा अपघात टळतो तो बऱ्याचदा या सोयीमुळं, आणि मालक महिनोन्‌महिने निर्धास्त राहतो तोही हिच्यामुळंच.

मग शहरात त्रास का होत नाही?

कराडहून कोकणात जाताना रस्ता बराच वेळ कोयनेच्या खोऱ्यातून जातो. ब्रेक तापण्याचं कारणच नसतं. हेळवाक ओलांडल्यावर मात्र घाट सुरू होतो आणि पोफळीपर्यंत उतार संपत नाही. जुन्या ब्रेकची पहिली खरी परीक्षा इथं होते, तीही भरलेल्या गाडीत.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. ताज्या डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. सतत ब्रेक दाबून उतरताना चाकांजवळचं जुनं ऑईल उकळलं, की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. वॉशर आधीच कच्चे असतील तर दोन्ही दोष एकाच वळणावर भेटतात.

त्यात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरण्याची आपली जुनी खोड. इंजिन बंद म्हणजे बूस्टरची मदत दोन-तीन दाबांतच संपली. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावं, हे ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत आणि ते बरोबर आहे.

किट की नवा सिलिंडर?

आपल्याकडची दुरुस्तीची सवय वाईट नाही. अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर दुरुस्त करून वर्षानुवर्षं चालतात. बिघडले तर गाडी बंद पडते, एवढंच. मास्टर सिलिंडरचा हिशेब वेगळा आहे.

वॉशरचं किट स्वस्त असतं आणि सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर ते चालतंही. पण दहा वर्षांत ओलावा मुरलेल्या ऑईलनं त्या भिंतीवर बारीक खड्डे पाडलेले असतात. पॉलिश पेपर मारून ते झाकले, तर भिंत किंचित रुंद होते आणि नवे वॉशर काही महिन्यांत पुन्हा दाब सोडतात. शिवाय वॉशर पेट्रोल किंवा डिझेलनं धुतले तर रबर फुगतं. ते ब्रेक ऑईलनंच धुवायला हवेत. किट टाकायचंच असेल तर सिलिंडर उघडल्यावर आतली भिंत स्वतः पाहा. नखाला खरखर लागली, तर पूर्ण नवा सिलिंडर घ्या. छोट्या गाडीचा सिलिंडर एका टायरच्या किमतीच्या आत-बाहेर मिळतो. आमचं मत स्पष्ट आहे : पंधरा वर्षांकडं झुकलेल्या गाडीत किटवर पैसे घालवू नयेत.

गॅरेजमध्ये हमखास घडणारी आणखी एक गोष्ट. एअर काढताना पोऱ्या पेडल तळापर्यंत दणादण मारतो. एरवी वॉशर जिथं कधी पोहोचत नाहीत, त्या गंजलेल्या भागावर ते घासतात आणि फाटतात. ‘लायनर बदलून आणले आणि आठवड्यात पेडल बसायला लागलं’ या तक्रारीमागं बऱ्याचदा हेच असतं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला तरी हे टळतं.

बाकीच्या भागांचं थोडक्यात : पॅड, लायनर नेहमी जोडीनं बदलावेत. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर ओला दिसला तर त्या चाकाचे तेल प्यायलेले लायनरही फेकावेत, धुऊन वापरू नयेत. चिरा पडलेला होस पाईप दुरुस्त होत नसतो. ऑईल साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावं, आणि तेही सीलबंद डब्यातलं. अर्धवट भरून महिनोन्‌महिने पडलेला डबा आधीच ओलावा प्यायलेला असतो. हँडब्रेक सोडूनही त्याचा लाल दिवा पेटत असेल, तर नुसतं ऑईल ओतून दिवा घालवू नका. पातळी का उतरली ते शोधा.

हे तपासतं कोण?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. नंतर एमएच ५० क्रमांकाची गाडी कराडच्या आरटीओ कार्यालयात तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पण पहिल्या १५ वर्षांत पीयूसी नियमित लागतं, ब्रेकची सक्तीची तपासणी एकदाही नाही. म्हणजे धुराचं प्रमाणपत्र नसेल तर दंड, आणि पेडल तळाला जात असेल तर विचारणारं कोणी नाही. टॅक्सीला ठरावीक मुदतीनं फिटनेस लागतं, पण तेवढीच माणसं भरून त्याच घाटातून जाणाऱ्या घरच्या गाडीला लागत नाही.

सगळ्या गाड्यांना दरवर्षी रांगेत उभं करणं व्यवहार्य नाही, हे मान्य. निदान जुनी गाडी विकताना, नाव बदलण्याच्या वेळी, ब्रेकची तपासणी सक्तीची करता येईल. पुण्या-मुंबईत वापरून झालेल्या कितीतरी गाड्या आपल्या भागात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं येतात. घेणारा रंग, टायर, एसी पाहतो, किलोमीटरवरून घासाघीस करतो. तोवर निदान स्वतः पाहायला एवढं पुरे : सौदा ठरण्याआधी इंजिन चालू करा, पेडल दाबा आणि घड्याळाकडं बघत अर्धा मिनिट पाय तसाच ठेवा.