हलका हात

बँकेच्या नोकरीत माझा निम्मा जन्म किल्ल्यांच्या सान्निध्यात गेला. तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. दोन्ही लागल्याखेरीज दार उघडायचे नाही. एखाद्या खातेदाराची लॉकरची किल्ली हरवली, की साक्षीदारांसमोर लॉकर फोडायचा आणि कागदावर सह्या घ्यायच्या. त्यामुळे किल्ली नसेल तर कुलूप फोडावेच लागते, अशी माझी ठाम समजूत होती. ती दूर झाली गेल्या आषाढी एकादशीला, आमच्या थोरल्या भाभींच्या दारात.

नारायणगडाच्या पायथ्याकडील एका गावात आमच्या दिवंगत बंधूंचे किराणा दुकान आहे. गडाला धाकटी पंढरी म्हणतात. आषाढीला तेथे यात्रा लोटते आणि आमच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. मीही त्या दिवशी गल्ल्यावर बसायला गेलो होतो. दुपारी पुतण्या जेवायला घरी गेला, तो धावतच परत आला. भाभी आत पडल्या होत्या, दाराला अगदी टेकून. दार लॅचचे, ओढून घेतले की आपोआप लागणारे. किल्ल्या दोन, दोन्ही आतल्या खुंटीला. खिडक्यांना गज. भाभींचे वय ऐंशीच्या पुढे, हाक मारली की क्षीण आवाजात 'हं' म्हणत होत्या.

शेजाऱ्यांनी पहार आणली. दार आतल्या बाजूला उघडणारे. धक्का बसला असता तो थेट त्यांच्या डोक्याला. तेवढ्यात कोणाला तरी आठवले, की यात्रेत किल्ल्या करून देणारा एक कारागीर रस्त्याकडेला पथारी टाकून बसला आहे. पुतण्याने त्यांना मोटारसायकलवर बसवून आणले. वयाने साठीचे, गळ्यात तुळशीची माळ. हत्यारे काढण्यापूर्वी त्यांनी विचारले, घर कोणाचे, आणि शेजारचे दोघे साक्षीला उभे राहतील का? माझ्यातला बँकवाला त्याही घाईत सुखावला.

या कुलपाची रचना आपणांस ठाऊक असावी, कारण बहुतेकांच्या दारांना हेच असते. अमेरिकेतील लायनस येल यांनी 1861 मध्ये याच्या आधुनिक रूपाचे पेटंट घेतले. कल्पना मात्र प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांइतकी जुनी. पितळी नळीत एक गोल गाभा, आणि त्या दोहोंना आरपार छेदणाऱ्या पाच-सहा खिट्ट्यांच्या जोड्या, प्रत्येकीवर एक बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा गाभ्याच्या कडेशी नेमका येतो आणि गाभा फिरतो. किल्ली नसताना कारागीर एका वाकड्या पट्टीने गाभ्याला किंचित पीळ देतो व दुसऱ्या तारेने एकेक खिट्टी उचलतो. छिद्रे कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात; म्हणून पीळ पडताच एखादीच खिट्टी प्रथम अडते. ती जागेवर बसली की गाभा केसभर सरकतो आणि पुढची अडते. या पिळाला कुलूपवाले 'टेन्शन' म्हणतात. आमच्या टेन्शनचा त्याच्याशी संबंध नव्हता असे मात्र म्हणवत नाही.

कारण पहिली दहा मिनिटे काहीच होईना. आम्ही सारे 'लवकर, लवकर' करीत होतो आणि त्यांची पट्टी दाबली जात होती. मग ते थांबले, हात झटकले, म्हणाले, "साहेब, तुमची घाई माझ्या बोटात उतरली." पीळ जास्त झाला की एकीऐवजी तीन-चार खिट्ट्या एकदम आवळल्या जातात, आणि तार कितीही रेटली तरी एकही हलत नाही. पीळ फार कमी झाला, तर बसलेल्या खिट्ट्या स्प्रिंगच्या दाबाने पुन्हा खाली येतात. त्यांनी सारे सैल सोडले. खिट्ट्या टकटक करीत खाली पडल्याचे मलाही ऐकू आले. कुलपात फुंकर मारली, तर धूळ आणि काळा चिकट गाळ निघाला. भाभी दर दिवाळीला त्यात गोडेतेल घालीत असत!

दुसऱ्या खेपेस पट्टीवर जेमतेम एका बोटाचे वजन. चार खिट्ट्या बसल्या, गाभा थोडा फिरला आणि अडला. आम्हांला वाटले उघडले. ते मानेनेच नाही म्हणाले. काही कुलपांत वरची खिट्टी मध्ये बारीक घडवलेली असते. ती असा खोटा भास निर्माण करते. तेव्हा पीळ वाढवायचा नाही, उलट किंचित सोडायचा, गाभा थोडा मागे येऊ द्यायचा, आणि तीच खिट्टी पुन्हा हळूच उचलायची. त्यांनी तसेच केले. बारीक आवाज झाला.

तरीही दार उघडेना. येथे मला त्यांचे खरे कसब दिसले. त्यांनी मागे वळून पाहिले, तर माझा पुतण्या नकळत दाराला खांदा लावून उभा. बाहेरून रेटा असला की लॅचची जीभ चौकटीच्या खाचेत घट्ट दाबली जाते. कुलूप सुटले तरी ती सरकत नाही. "दादा, मागं व्हा," ते म्हणाले. शिवाय खिट्ट्या बसेपर्यंत हात हलका हवा, पण जीभ ओढून घेण्यास तिच्या जाड स्प्रिंगवर मात करावी लागते. तेथे बारीक पट्टी वाकते. त्यांनी तीच पट्टी दुसऱ्या हाताने मुळाशी धरून फिरवली. दार बोटभर उघडले. मग हात आत घालून भाभींचा खांदा सरकवत, इंचाइंचाने आम्ही आत गेलो.

मनगट मोडले होते, खुबा शाबूत. त्या म्हणाल्या, "दुकानात कोण आहे?" कोणीच नव्हते, गल्ला उघडाच राहिला होता. पुढे मोजला तेव्हा रुपयाचाही फरक नव्हता.

1851 मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ब्रामा यांचे अजिंक्य समजले जाणारे कुलूप उघडले. ते निराळ्या रचनेचे. त्याला पन्नासहून अधिक तास लागले आणि दोनशे गिनी मिळाल्या. आमच्या कारागिराला पाऊण तास लागला. मी पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी दोनशे घेतले.

आता एक किल्ली शेजाऱ्यांकडे असते, दुसरी दुकानात. कुलपात तेल बंद. किल्ली अडखळू लागली की पेन्सिलच्या शिशाची पूड. पुतण्या लॅच काढून टाकायला निघाला होता, भाभींनी नको म्हटले. त्या कारागिरांना आरतीपूर्वी गडावर पोहोचायचे होते, म्हणून पुतण्याने त्यांना थेट गडाच्या पायऱ्यांशी सोडले आणि येताना त्यांची पथारीही राखणाऱ्याला सांगून आला.