मूळ कुठले यापेक्षा करते काय?

नागपूरच्या आसपासच्या जंगलांत, विशेषतः पेंचसारख्या व्याघ्रप्रकल्पांत, वनखात्याला रायमुनियाशी वर्षानुवर्षे झुंजावे लागत आहे. रायमुनिया म्हणजे घाणेरी. अमेरिका खंडातले हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातील वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर आज त्याने बस्तान बसवले आहे. त्याच्या गचपणाखाली गवत धरत नाही. गवत हटले की चितळ हटतात आणि त्यांच्यामागोमाग वाघाचे पोटही अडचणीत येते. वरवर छाटले तर ते बुंध्यापासून पुन्हा फोफावते. म्हणून जमिनीखाली तीन-चार बोटे मूळ तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते आणि गवत जम बसवेपर्यंत पाखरांनी टाकलेल्या बियांची रोपे उपटत राहावी लागतात. एवढा उपद्व्याप पाहिला की ‘बाहेरचे ते वाईट’ असे कुणालाही वाटेल. पण संवर्धनाचे धोरण एवढ्या एका सूत्रावर चालवता येणार नाही.

नागपूरपासून फार दूर नसलेल्या बैतूल जिल्ह्यातील सारणीचे उदाहरण घ्या. तेथील सातपुडा जलाशय साल्व्हिनिया या ब्राझीलच्या पाणवनस्पतीने झाकून गेला होता आणि मासेमारी ठप्प होत होती. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने तेथे दोन मिलिमीटरचा एक भुंगा सोडला. साल्व्हिनियावर जगणारा हा भुंगाही मूळचा ब्राझीलचाच. हळूहळू पाणी मोकळे झाले. विदर्भातल्या बांधाबांधावर माजणाऱ्या गाजर गवताची पानेही पावसाळ्यात मेक्सिकन भुंगेच फस्त करतात. ते भारतात पहिल्यांदा १९८४ मध्ये बंगळुरूला सोडले गेले. म्हणजे उपद्रव परका होता, तसा त्यावरचा उपायही परकाच होता. मात्र कीटकाकडून चमत्काराची अपेक्षा नको. नागपूरच्या अंबाझरी तलावातल्या जलपर्णीला सांडपाण्याचे खत मिळत राहील तोवर यंत्र लावा की भुंगा सोडा, ती पुन्हा पसरणारच.

आज उपकारक ठरलेला जीव उद्या डोईजड झाला तर काय, हा आक्षेप रास्त आहे. उसावरची कीड खाण्यासाठी ऑस्ट्रेलियाने १९३५ मध्ये आणलेला विषारी भेक आजही तेथील वन्यजीवांच्या मुळावर उठलेला आहे. पण तो समोर येईल ते खाणारा प्राणी होता आणि पुरेशी पारख न करता सोडला गेला. मेक्सिकन भुंगा सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली, तेव्हा आपल्याकडे चौकशी झाली आणि तो त्या पिकावर वंश वाढवू शकत नाही, असे आढळले. अशी पारख आधी झाली पाहिजे आणि जीव सोडल्यानंतरही नजर राहिली पाहिजे. हाच निकष डासांच्या अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांनाही लावावा. बंदिस्त टाक्यांत ते कामाचे आहेत, पण नैसर्गिक तलावांत ते देशी माशांची पिल्ले आणि अन्न दोन्ही खातात. दुसरा आक्षेप असा की, या युक्तिवादाने विदेशी झाडांच्या लागवडीला मोकळे रान मिळेल. तसे मुळीच नाही. नवी लागवड करायची तर पळस, मोह, अर्जुन, बेहडा हीच झाडे हवीत, कारण इथल्या पाखरांचे आणि कीटकांचे जगणे त्यांच्याशी जुळलेले आहे. पण रस्त्यावर सावली धरून उभा असलेला जुना गुलमोहर केवळ मादागास्करचा म्हणून तोडण्यात कुठले संवर्धन आहे?

महापालिकेने आणि वनखात्याने म्हणूनच प्रत्येक परक्या प्रजातीला तीन प्रश्न विचारावेत: ती आपणहून पसरते का, देशी जीवांची जागा बळकावते का आणि ती काढल्यावर तिथे काय येणार? पैसा आणि मनुष्यबळ मोजकेच आहे. ते आधी रायमुनिया आणि जलपर्णीवर खर्च व्हावे. गुलमोहराच्या मागे लागायला सवड नाही.